तिळारीच्या तात्यांना उघड पत्र

तात्यानू, साष्टांग नमस्कार.

मुंग्यांवरच्या माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, तीही ग्रंथालयाच्या खाली. मला ते पटत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितो आहे.

सदाहरित रानात मुंग्यांचा मोठा संसार वर, शेंड्यांत असतो. पेरूमधल्या तांबोपाताच्या जंगलात एकाच झाडावर मुंग्यांच्या ४३ जाती सापडल्याचं मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी १९८७ साली नोंदवलं; अख्ख्या ब्रिटिश बेटांवर जवळपास तेवढ्याच आहेत. हे मला पाठ होतं. पण तिळारीच्या झाडांवर वर काय चाललंय, ते खालून दुर्बीण लावून दिसत नव्हतं. सुरंगीच्या कळ्या काढण्यात हयात गेलेले तुम्ही, पायांत दोराचा वेढा घालून चढलात आणि वरून मोठ्याने सांगत राहिलात. मी खाली वही घेऊन.

एकदा फांदीवरूनच म्हणालात, “हुमल्यांच्या झाडार ते काळे रवणत नाय.” माझं एक अख्खं प्रकरण त्या वाक्यावर उभं आहे. हुमले, म्हणजे तांबड्या विणकर मुंग्या, पानं जोडून घरटी करतात. ते काळे, म्हणजे क्रेमॅटोगॅस्टर या गटातल्या मुंग्या, झाडाचा चोथा चावून गोळे बांधतात. आणि दोघे झाडं वाटून घेतात. घानातल्या कोकोच्या बागांमधली अशीच वाटणी कीटक-अभ्यासक डेनिस लेस्टन यांनी १९७०च्या दशकात मांडली. तुम्ही ती काजू काढताना चावे खाऊन ओळखली होतीत.

हुमल्यांचं विणकाम तर तुमच्यामुळेच पाहता आलं. साखळी करून काही मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, बाकीच्या स्वतःच्या वसाहतीतल्या अळ्या तोंडात धरून धोट्यासारख्या इकडून तिकडे फिरवतात. रेशीम अळीचं, मेहनत मोठ्यांची. तुम्ही ते मोबाइलवर टिपलंत. हात सुजला, पण फांदी हलू दिली नाहीत. हद्दीवरच्या घरट्यांत वयस्क कामकरी मुंग्या राहतात आणि शेजारच्या वसाहतीशी लढायला त्याच आधी जातात, हे वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत.

काळ्यांच्या गोळ्याला पडलेलं भोकही तुम्हीच दाखवलंत. तांबूस सुतारपक्षी याच मुंग्या खातो आणि त्या आत नांदत असतानाच त्यांच्या घरट्यात अंडी घालतो.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. काजूवरचे हुमले जाळायला निघालेल्या शेजाऱ्यांना तुम्ही थांबवलंत. मोहोर शोषणारा ढेकण्या किडा हुमल्यांमुळे आटोक्यात राहतो, हे त्यांना माझ्याकडून पटलं नसतं.

प्रबंधाची प्रत टपालाने पाठवली आहे. नातवाकडून नकाशे समजून घ्या, आणि कुठलं झाड भलत्याच्या नावावर गेलं असेल तर पेन्सिलीने खूण करून ठेवा. सुरंगीच्या हंगामात येतो आहे, तेव्हा दुरुस्त करू.

तुमचा,
खाली वही घेऊन उभा असलेला