पीटीचा तास मुलांना परत द्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या भागातल्या एका शाळेत दहावीच्या वेळापत्रकावर पीटीचे तास आहेत, पण जूनपासूनच ते गणित-विज्ञानाला जातात. मैदानाच्या अर्ध्या भागात गाड्या लागतात. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: बोर्डाचं वर्ष आहे.

अभ्यास उरकून वेळ उरला तर खेळ, हा समज मोडावा म्हणून हे पत्र.

फुटबॉल आणि रग्बी आज ज्या रूपात आहेत, त्याची मुळं इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या निवासी शाळांत आहेत. रग्बी नावाच्या शाळेत 1845 साली खेळाचे नियम पहिल्यांदा कागदावर आले. ते मास्तरांनी नाही, वरच्या वर्गातल्या तीन मुलांनी लिहिले. जशी जागा, तसा खेळ घडला. चार्टरहाउस शाळेची मुलं लंडनमध्ये फरसबंद, अरुंद ओवऱ्यांत खेळायची, म्हणून तिथे चेंडू पायाशी ठेवून पळवण्याचं कसब वाढलं. रग्बी शाळेकडे हिरवळीचं प्रशस्त मैदान होतं, तिथे अंगावर झेपावून पाडणं परवडायचं. हॅरो शाळेत वसतिगृहांचे बाद पद्धतीने सामने होत. तिथलेच माजी विद्यार्थी चार्ल्स ऑलकॉक यांनी त्या धर्तीवर 1871 मध्ये एफए चषक ही इंग्लंडमधली फुटबॉल स्पर्धा सुरू केली.

या शाळांचं मला कौतुक सांगायचं नाही. तिथे धाकट्या मुलांना थोरल्यांची चाकरी करावी लागे, छडी रोजची होती, आणि दार फक्त पैसेवाल्यांना उघडं होतं. पण मैदान आणि खेळायला राखलेला वेळ, या दोन गोष्टी तिथल्या मुलांना हक्काच्या होत्या.

हा वेळ गिरणी कामगारांना मिळाला तेव्हा काय झालं, तेही पाहा. 1850 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत शनिवारी दुपारी दोनला काम थांबू लागलं. पुढे एफए चषकाच्या 1883 च्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने ईटन या तशाच श्रीमंतांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना 2-1 असं हरवलं. विजेत्या संघात विणकर होते, सूतकताई करणारे होते. त्यानंतर अशा शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचा एकही संघ तो चषक जिंकू शकला नाही.

आपल्याकडेही मैदानाचं भांडण जुनंच आहे. ईटनमध्ये शिकलेले लॉर्ड हॅरिस 1890 ते 1895 मुंबईचे गव्हर्नर होते. पोलोच्या घोड्यांनी क्रिकेटची जागा उखडते म्हणून इथल्या खेळाडूंनी अर्जावर अर्ज केले, तरी हॅरिस यांनी बाजू घेतली पोलोवाल्यांची. त्यांच्याच नावाच्या हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत 1988 मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, तीही आझाद मैदानासारख्या सार्वजनिक जागेवर.

शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत खेळाचं मैदान आहे, म्हणून मागणी नवीन नाही. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये, असं स्पष्ट परिपत्रक काढा आणि दहावीलाही त्यातून सूट देऊ नका. शाळा तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना वर्गासोबत मैदानही पाहायला सांगा: तिथे गाड्या आहेत, मंडप आहे की मुलं आहेत. ज्या शाळांना मैदानच नाही, त्यांच्यासाठी जवळचं पालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं मैदान शाळेच्या वेळेत राखून ठेवा. नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, त्याआधी हे आदेश शाळांपर्यंत पोचावेत ही विनंती.

आपला,
एक पालक