धुळीचा पंचनामा कोण करणार?

महोदय,

सिंहस्थ तोंडावर आल्याने नाशिकभोवती रस्त्यांची कामं जोरात आहेत. ती व्हायलाच हवीत. पण रस्त्यालगतच्या द्राक्षबागांच्या पहिल्या काही ओळी जरा पाहा. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटलेली कोवळी पानं बघता बघता मातकट होतात. गारपिटीचा, अवकाळीचा पंचनामा होतो. धुळीचा झालेला मी तरी पाहिला नाही.

द्राक्षाच्या पानाची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, मुख्यतः खालच्या बाजूला असतात. टिपरमागे उडणारा फुफाटा मांडवाखालून आत शिरतो आणि नेमका तिथेच बसतो. वरच्या थरामुळे पानाला ऊन कमी मिळतं, ते अन्न कमी बनवतं, आणि घडात साखर भरते ती तर पानांच्याच जिवावर. धुळकट पानांवर लाल कोळी या किडीचंही फावतं, म्हणजे आणखी एक फवारणी आली.

धूर त्याहून फसवा. वीटभट्टीच्या धुरातला फ्लोराइड पानाच्या कडेला साठतो आणि कडा करपतात. आपण ती पोटॅशची कमतरता समजून डोस वाढवतो. दुकानदारही नको म्हणत नाही! गंधकाच्या धुराने शिरांमधला भाग पिवळट-पांढरा पडतो. वाहनांच्या धुरापासून उन्हात ओझोन तयार होतो, त्याने जुन्या पानांच्या वरच्या बाजूला बारीक तपकिरी ठिपके येतात. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षांवर हे १९५८ मध्येच नोंदलं गेलं आहे. आपल्याकडे ठिपका दिसला की आधी बुरशीनाशकाची बाटली उघडते.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे नवी वीटभट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर दूर हवी. ‘फळबाग’ असा स्पष्ट उल्लेख असूनही परवानगी देताना शेजारच्या बागायतदाराला कुणी विचारतं का? नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, पण त्याची सगळी चर्चा शहरातल्या चौकांभोवती फिरते. निफाड-दिंडोरीच्या बागा त्यात कुठेच नसतात.

निदान छाटणी ते काढणी या काळात तरी कामाच्या रस्त्यांवर रोज पाणी मारावं, खडी-मुरमाच्या गाड्यांवर ताडपत्री सक्तीची करावी आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांनी करपलेल्या कडांची पानं, देठ तपासूनच खताचा सल्ला द्यावा. पाण्याच्या टँकरचा खर्च ठेकेदाराच्या निविदेतच धरता येईल.

— एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक