खव्यावर धाड पडते, मग डब्यावर का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात जिम आणि प्रोटीन पावडरवर अर्धं पान आलं होतं ते वाचलं, चांगलं लिहिलंय, पण त्याच पानाच्या खाली ‘३० दिवसांत बॉडी’ अशी रंगीत जाहिरात होती, आता हसावं का रडावं तुम्हीच सांगा. मी तासगावात मेडिकल चालवतो, २० वर्षं झाली. प्रोटीनचे डबे मी पण विकतो, खोटं कशाला बोलू, मार्जिन गोळ्यांपेक्षा बरं सुटतं. तरी पण लिहितोय, कारण यावेळी डबा माझ्याच घरात आला आणि तो माझ्या दुकानातून आलेला नव्हता.

पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय. वजन ५८ किलो, पोरगं काटक. जिममधल्या सरांनी त्याला सांगितलं की तू बारीक आहेस, गेनर (वजन वाढवायची पावडर) लागंल, आणि ३ किलोचा डबा २८०० ला हातात दिला. बिल नाही. वहिनींनी गुपचूप पैसे दिले. महिनाभरानं मला कळलं तेव्हा डबा मागवून घेतला आणि काउंटरवर चष्मा लावून वाचत बसलो. घटक पदार्थ कायद्यानं वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं नाव काय, तर माल्टोडेक्स्ट्रिन. म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, पोटात गेली की साखरच. १०० ग्रॅममागं प्रोटीन फक्त १५ ग्रॅम. त्यापेक्षा आमची आई सातूचं पीठ करायची ते काय वाईट होतं, नुसतं त्याच्यावर दंडाचा फोटो नव्हता एवढंच. आणि डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी लायसन्स नंबर असतो ना, तिथं स्टिकर चिकटवलेला, तो नखानं खरवडला तर खाली काहीच नाही. बाहेरून आलेला माल म्हणावा तर इम्पोर्टरचं नाव पण नाही.

पोराचं वजन महिन्यात ४ किलो वाढलं, घरात सगळे खूश. पण भरतीत १६०० मीटर पळायचंय, त्याला २० मार्क, आणि त्याचा टाइम २५ सेकंदांनी वाढला. गोळा ७.२६० किलोचा, तो पण पहिल्याएवढाच लांब जातोय. मग वाढलं काय, तर पोट.

आता माझं म्हणणं असं नाही की सगळं सप्लिमेंट खोटं. व्हे प्रोटीन म्हणजे चीज, पनीर करताना जे पाणी उरतं त्यातलंच प्रोटीन वेगळं काढून वाळवलेलं, त्यात भ्यायचं काय? क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे जिममधली पोरं ताकदीसाठी घेतात ती दुसरी पावडर, तिच्यावर इतकी वर्षं अभ्यास झालाय की खेळाडूंच्या सप्लिमेंटमध्ये एवढं तपासलेलं दुसरं क्वचितच सापडेल, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, बास. (फक्त रक्त तपासायला जाताना डॉक्टरांना सांगा की घेतोय म्हणून, नाहीतर किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन रिपोर्टात जरा वर दिसतं आणि घरात रडारड. किडनीचा त्रास असेल तर मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका.) मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं बॉडीसाठी प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलं, ते मला सरसकट पटत नाही, मेसच्या पातळ आमटीवर जगणाऱ्या पोरानं करायचं काय. पण आमच्या पोराच्या घरी तर म्हैस आहे हो!

व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे याला ९०-१०० ग्रॅम. अर्धा लिटर दूध १६, चार अंडी २४, ५० ग्रॅम सोयाबीन वडी २६, ५० ग्रॅम शेंगदाणे १२, झाले की नाही ७८, वर भाकरी आणि डाळ आहेच. हे सगळं विकत आणलं तरी शंभराच्या आत. हा हिशोब मी वहिनींना बिलाच्या पाठीमागं लिहून दिला तर म्हणाल्या, भावजी हे तर घरात असतंच की.

आणि मुळात ताकद डब्यातून येतच नाही ना. मी कॉलेजला असताना वर्षभर तालमीत जायचो, पैलवान काही झालो नाही, पण वस्ताद जोर मोजायचे ते आठवतंय. आज ५० तर पुढच्या आठवड्यात ५५, एकदम १०० मारू द्यायचे नाहीत. आता जिममध्ये यालाच प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात, बारला अडीच अडीच किलो वाढवत जायचं. पहिले काही आठवडे ताकद वाढते ती जास्त करून नसा शिकतात म्हणून, स्नायू मागाहून सावकाश भरतो, आणि भरतो तो विश्रांतीत, झोपेत. पोरं रात्री दीडपर्यंत मोबाइल बघतात आणि सकाळी विचारतात काका रिझल्ट कधी दिसणार.

खरी भीती वेगळीच आहे, आणि ती तुमच्या लेखात आलीच नाही. रात्री दुकान बंद करायच्या वेळी पोरं येतात, दोघं गाडीवरच थांबतात, एक जण काउंटरवर येऊन हळूच मेफेंटरमाइनचं इंजेक्शन मागतो आणि सोबत इन्शुलिनची सिरिंज. हे औषध ऑपरेशनच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर बीपी पडलं तर ते वर आणायला वापरतात. पोरं ते दंडात टोचून व्यायाम करतात, कारण दम लागलेला कळत नाही. कळत नाही म्हणजे लागत नाही असं थोडंच आहे, हृदय तर धावतंच असतं. हे शेड्यूल एच मधलं औषध, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, मी हाकलून देतो. पण एवढं नक्की, त्यातला एक जण दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानावरून हसत गेला. कुठून मिळालं असेल मला माहीत नाही, आमच्या धंद्यातलंच कोणीतरी देत असणार, हे लिहिताना लाज वाटते.

अन्न व औषध प्रशासनाला माझी विनंती एवढीच. दिवाळी आली की खव्यावर धाडी पडतात, फोटो छापून येतात, तशी एक चक्कर भरतीच्या आधी जिमच्या ऑफिसात मारा. जो सर व्यायाम शिकवतो तोच डबा विकतो, मग तो पोराला दूध-अंडी खा म्हणून कशाला सांगेल? तिथं बिल मागा, लायसन्स नंबर बघा. आमचं मेडिकल तुम्ही तपासताच, तपासा, रजिस्टर उघडंच आहे.

आणि पालकांनो, तो १४ आकडी नंबर फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

संपादक साहेब, राग मानू नका, पण ती ३० दिवसांवाली जाहिरात येत्या रविवारी परत येणार असेल तर निदान त्या डब्यावर नंबर आहे का तेवढं बघून छापा.

आपला,
एक मेडिकलवाला, तासगाव
(नाव छापू नये, गिऱ्हाईक गावातलंच आहे)