आडव्या बाटलीआधी कलम ५४ वापरा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवानाधारक दारू दुकान नियम मोडू लागले की गावात दोनपैकी एक गोष्ट होते. ग्रामपंचायत ‘दुकान बंद करावे’ असा एका ओळीचा ठराव करते, नाहीतर महिला आडव्या बाटलीच्या मतदानाला (आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू) लागतात. एका ओळीच्या ठरावाने काही हलत नाही, कारण परवाना ग्रामपंचायतीने दिलेला नसतो. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतला असतो. आणि मतदानाने तर सगळे नियम पाळणारे दुकानही बंद करता येते. ज्याने कायदा मोडला त्याच्यासाठी महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मध्ये कलम ५४ आहे. त्याकडे गावांचे आणि प्रशासनाचेही दुर्लक्ष होते, म्हणून हे पत्र.

कलम ५४ प्रमाणे परवान्याच्या अटीचा भंग झाला तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. भंग मालकाने केलेला असो, नोकराने केलेला असो की मालकाच्या मूकसंमतीने दुसऱ्या कुणी, तिन्ही सारखेच. तेव्हा ‘पोराने चुकून दिली’ या सबबीला अर्थ नाही. अडचण पुढे येते. कलम १०४ नुसार निलंबनाऐवजी किंवा रद्द करण्याऐवजी रक्कम भरून घेऊन प्रकरण मिटवता येते. मोठा खप असलेल्या दुकानाला ती रक्कम जड जात नाही. दुकान उघडते आणि गावाला वाटते की तक्रार दाबली गेली. प्रत्यक्षात ती तडजोडीने निकाली निघालेली असते, फक्त गावाला कुणी कळवलेले नसते.

म्हणून ठराव करतानाच नेमके लिहावे. परवान्याचा प्रकार (देशीसाठी सीएल-३, वाइन शॉपसाठी एफएल-२, बिअर शॉपीसाठी एफएल/बीआर-२) आणि क्रमांक. कोणती अट कोणत्या तारखेला, किती वाजता मोडली. पाहणाऱ्यांची नावे व सह्या. वयाची अट बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षे आहे, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. वाइन शॉप वा बिअर शॉपीच्या आवारात बसून पिता येत नाही. तक्रार राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्यावी, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी आणि दोन्हीकडून आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. तातडीची तक्रार १८००२३३९९९९ या विभागाच्या क्रमांकावर करता येते, पण त्यामागे लेखी कागद हवाच.

सर्वांत मोठी गळती पेट्यांची आहे. दुकानातून ४८ बाटल्यांची पेटी निघते आणि विनापरवाना ढाब्यावर, टपरीवर सुटी विकली जाते. छापा पडतो, टपरीवाल्यावर विनापरवाना दारू बाळगण्या-विकण्याचे कलम ६५(ई) लागते, तो जामिनावर सुटतो. माल कोणत्या दुकानातून आला हे कुणी शोधत नाही. खरे तर प्रत्येक बाटलीच्या लेबलवर बॅच क्रमांक असतो आणि दुकानात आलेल्या मालाच्या वाहतूक पासवरही (माल आणण्याच्या परवानगीच्या कागदावरही) तो असतो. पंचनाम्यात नुसते ‘देशी दारूच्या १८० मिलीच्या इतक्या बाटल्या’ असे लिहिले की हा धागा तुटतो. पंच म्हणून सही करणाऱ्यांनी बॅच क्रमांक लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. जवळच्या दुकानांचे पास आणि साठा नोंदवही त्या बॅचशी ताडून पाहिली, तर कलम ५४ खाली नोटीस काढायला आधार मिळतो.

आता मतदानाविषयी. राज्य सरकारच्या २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात, आणि ती झालेल्या मतदानाच्या नव्हे तर यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक. समजा यादीत १,००० महिला आहेत. ६५० आल्या, त्यातल्या ४८० जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहते, ५०१ हव्यात. यादीतली मयत नावे, लग्न होऊन गेलेल्या मुली, ऊसतोडीला गेलेल्या बायका या सगळ्यांची गैरहजेरी उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. त्यामुळे सह्यांच्या आधी यादी साफ करा. मयत व कायमच्या स्थलांतरितांसाठी नमुना ७ (यादीतून नाव वगळण्याचा अर्ज) भरा. सह्या २५ नव्हे, ३५ टक्के घ्या, कारण पडताळणीत बऱ्याच गळतात. आणि बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांत दिवाळी ते मार्च या काळात मतदान लावून घेऊ नका. तोडणीच्या हंगामात घरी असते कोण?

मतदान जिंकल्यावरही काम उरते. देशी दारू आणि वाइन शॉपचे नवे परवाने सरकारने गेली कित्येक दशके दिलेले नाहीत, त्यामुळे असलेल्या परवान्याची किंमत प्रचंड आहे. बंद झालेला परवाना शेजारच्या गावात स्थलांतर मागतो. तिथल्या सरपंचांनी ‘ना हरकत’ देण्यापूर्वी त्या दुकानाच्या जुन्या नियमभंगांची माहिती मागवावी.

परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. नूतनीकरणाआधी, म्हणजे जानेवारीतच, माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: वर्षभरातल्या तपासणीच्या नोंदी, दाखल नियमभंग प्रकरणे आणि कलम १०४ खाली घेतलेल्या रकमा. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे फेब्रुवारीत जिल्हाधिकाऱ्यांकडे हरकत नोंदवायला वेळ उरतो.

जिल्हाधिकाऱ्यांना आमची मागणी एवढीच आहे. एकाच दुकानाचा तोच नियमभंग दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर तडजोड न स्वीकारता परवाना निलंबित करावा, आणि प्रत्येक तडजोडीचा आदेश त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

— दारूबंदीच्या कामातील कार्यकर्त्या, मराठवाडा