निनावी साहाय्यकांचे आभार

फोंडा तालुक्यातील आमच्या देवळाच्या उत्सवात यंदा केवळ स्त्री कलाकारांची संगीत बैठक झाली. ती ज्यांच्यामुळे निर्विघ्न पार पडली, त्यांनी आपली नावे जाहीर करू नयेत असे बजावल्याने हे आभार निनावीच मानावे लागत आहेत. ऐन वेळी बिघडलेली संवादिनी रातोरात दुरुस्त करून मोबदला नाकारणारे मुस्लिम कारागीर आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारे ख्रिस्ती बंधू यांचे आम्ही ऋणी आहोत. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या दोघी थोर गायिकांना उस्ताद अल्लादिया खाँ यांची तालीम लाभली, हे ध्यानी घेता अशा साहाय्याचे गोव्यात नवल वाटू नये. तबल्यावर बसलेल्या मुलीला मागच्या खांबाआडून भरभरून दाद देणाऱ्या त्या कारागिरांना पुढील वर्षी मात्र पहिल्या रांगेतच बसावे लागेल.