गेंड्याच्या कातडीवरून आभार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. चौथीत तिच्याइतकं स्वच्छ मराठी वाचणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे तिचे बाबा आसामचे आहेत हे मीही विसरून गेले होते.

सुरुवात माझ्याच चुकीपासून झाली. गृहपाठ न आणणाऱ्यांवर मी डाफरले, "अगदी गेंड्याच्या कातडीचे आहात!" तेवढ्यात मागच्या बाकावरून तुमची लेक म्हणाली, "बाई, गेंड्याला माश्या चावतात. माझ्या बाबांनी बघितलंय." वर्ग खो खो हसला. तिचा चेहरा एवढासा झाला. म्हणून मी तुम्हाला निरोप पाठवला.

शनिवारी तुम्ही रात्रपाळी संपवून, युनिफॉर्मवरच वागळे इस्टेटहून चालत आलात. "टीचरजी, हम क्या सिखाएगा," म्हणत दारात उभे. मी इंटरनेटवरून चित्रं काढून ठेवली होती. तुम्ही ती बाजूला सारलीत, खडू मागितलात आणि भिंतीला पाठ लावून टोपीच्या उंचीवर रेघ ओढलीत: इथे त्याचा खांदा. मग जमिनीवर बारा फूट मोजलेत. आमचा वर्ग केवढासा आहे ते त्या दिवशी कळलं.

कातडी जाड असते हे खरं, पण उन्हानं आणि माश्यांनी तो हैराण होतो, म्हणून चिखलात लोळतो, असं तुम्ही सांगितलंत. तो शेण टाकायला ठरलेल्या जागीच परत येतो, यावर पोरं हसून लोळली. शिकारी नेमके तिथेच दबा धरून बसायचे म्हणालात, तेव्हा सगळे एकदम चिडीचूप.

आणि ते नख! 2021 मध्ये काझीरंगाजवळच्या तुमच्या बोकाखात गावी सरकारनं गेंड्यांची 2,479 शिंगं जाळली, हे ऐकून एकानं विचारलं, "विकली का नाहीत? शाळेला पंखे आले असते." (प्रश्न चोख होता, मला उत्तर सुचलं नव्हतं.) तुम्ही खिशातलं नेलकटर काढलंत, अंगठ्याचं नख कापून त्याच्या हातावर ठेवलंत. "लो, ये भी वही चीज़ है. कितना देगा?" शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखाकेसांत असतं तेच, हे मी तासभर शिकवलं असतं तरी इतकं बसलं नसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारत-नेपाळ मिळून जेमतेम 200 एकशिंगी गेंडे उरले होते. 1908 मध्ये काझीरंगा राखीव जंगल झालं, 1974 मध्ये राष्ट्रीय उद्यान. 2022 च्या गणनेत एकट्या काझीरंगात 2,613 भरले. हे आकडे मी फळ्यावर लिहिले, मुलांनी उतरवून घेतले, संपलं. मुलं थांबली ती पुरापाशी. ब्रह्मपुत्रेचं पाणी जंगलात शिरतं म्हटल्यावर नाल्याकाठची एक मुलगी उठली. "आमच्याकडे पण भरतं. आम्ही शाळेत येऊन राहतो. गेंडे कुठे जातात?"

तुम्ही खाली उकिडवे बसलात, तिच्या उंचीला आलात. म्हणालात, त्यांच्यासाठी जंगलात उंच टेकाडं बांधली आहेत. शिवाय बरीचशी जनावरं महामार्ग ओलांडून कार्बी डोंगरांकडे जातात, तेव्हा गाडीवाल्यांना वेळ लिहिलेलं कार्ड देतात. पुढच्या नाक्यावर ठरल्यापेक्षा लवकर पोचलात तर वेगात आलात म्हणून दंड. ती म्हणाली, "घोडबंदर रोडला पण द्या." तुम्हाला हसू आवरेना.

दादा, रात्रभर जागून आलात, चहासुद्धा उभ्यानंच घेतलात. लेकीच्या मानेचा ताठा मात्र अजून उतरलेला नाही. त्याबद्दल मनापासून आभार. भिंतीवरची रेघ शाबूत आहे, मावशी पुसू देत नाहीत. रोज कुणी ना कुणी तिच्याशी उंची लावून बघतं. आणि मी रागावले की आधी माझ्याकडे बघतात, बाई आता तो शब्द वापरतात का ते.

एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवलाय: पुरात पिल्लू आईपासून सुटलं तर तिला ते परत कसं ओळखू येतं? सुट्टी असेल तेव्हा या. पण या वेळी झोप काढून या.

तुमची,
चौथीच्या बाई