शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात काही राहत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रेडिओॲक्टिव्हिटीच्या, म्हणजे काही पदार्थांतून आपोआप किरण निघतात त्या शोधावरचा लेख वाचला, चांगला होता, पण तो पॅरिसात सुरू झाला अन पॅरिसातच संपला. त्या शोधाचं पुढं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात काय होऊन राहिलं हे कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. मी दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र चालवतो, डॉक्टर नाही, पण बीएस्सी झालेलं आहे अन घरात कॅन्सरचा पेशंट पाहिलेला आहे.

इकडं खर्ऱ्याची (तंबाखू, सुपारी अन चुना घोटून केलेला) काय हालत आहे तुम्हाला सांगायला नको, पन्नीत घोटलेला खर्रा शाळकरी पोरांच्या खिशात असतो, अन तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट गावागावात आहेत. ऑपरेशन झालं की डॉक्टर नागपूरला शेक, म्हणजे कॅन्सरवरचा किरणांचा उपचार (रेडिएशन), घ्यायला सांगतात, सहा-सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. अन तो माणूस शेक घेऊन गावात आला की घरात त्याचं ताट-गिलास वेगळं, बाज वेगळी, लेकरांना जवळ जाऊ द्यायचं नाही. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, आले तेव्हा तोंड आतून सोललेलं होतं, वरणाचं पाणी सोडून काही गिळता येत नव्हतं, बोलणं तं दूरच, अन अशात शेजारच्या एक बाई मोठ्या आईला सांगून गेल्या, "नातवाले काहाले जवळ बसू देता बाई, त्याईच्या आंगात करंट हाय." झालं, नातू ओसरीवर अन आजोबा आतल्या खोलीत, तेही कित्येक दिवस, कोणी समजावून सांगेपर्यंत.

तर साहेब, बाहेरून मशीननं जो शेक देतात त्यानं माणूस रेडिओॲक्टिव्ह होत नाही. टॉर्च बंद केला की खोलीत उजेड उरत नाही, तसंच आहे ते. कोबाल्टच्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० हा धातू वर शिसं वगैरे भरलेल्या जाड डोक्यात कोंडलेला असतो, शेक देताना तेवढी खिडकी उघडते, किरण गाठीतून आरपार जातात, पेशी मारतात अन विषय संपला. आता जिकडं तिकडं लिनॅक नावाच्या नव्या मशीन येऊन राहिल्या, त्यात तर असा कोणता पदार्थच नसतो, विजेवर चालतात, बटन बंद की किरण बंद. मानेची कातडी काळी पडते, तोंड कोरडं पडतं, चव जाते, हे सगळं खरं आहे, पण तो किरणांनी केलेला जाळ आहे, आत काही साठलं म्हणून नाही. बायांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये आतून शेक देतात, त्यातही किरण सोडणारा बारीक तुकडा (सोर्स) तारेनं आत जातो अन ठरलेल्या वेळानं मशीनच तो मागं ओढून घेते, बाई घरी येते तेव्हा अंगात काही नसतं.

एक अपवाद आहे अन तोही सांगितलाच पाहिजे. थायरॉईडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ प्यायला देतात, ते मात्र खरंच काही दिवस अंगात असतं, लघवीतून, घामातून बाहेर पडतं, दर ८ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो. म्हणून जास्त डोस असला तर दवाखान्यातच वेगळ्या खोलीत ठेवतात अन घरी गेल्यावरही थोडे दिवस लहान लेकरं अन गरोदर बायांपासून दूर राहा म्हणतात. ते पाळायचं. पण आमच्याकडं उलटंच होतं, सगळ्यांना एकाच मापानं मोजतात.

लोकांची भीती अगदीच येडेपणाची आहे असं मी म्हणत नाही, हा शोध सुरुवातीपासून लोकांना भाजतच आला आहे. १८९६ साली बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवले, ढगाळ होतं म्हणून ती काच खणात टाकली, अन ऊन लागलेलं नसतानाही काच काळी निघाली. मग मारी क्यूरी अन तिच्या नवऱ्यानं, पियरनं, टनावारी पिचब्लेंड (युरेनियमचं खनिज) उकळून उकळून १९०२ पर्यंत एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराईड काढलं, रेडियम म्हणजे युरेनियमपेक्षा कितीतरी जोरानं किरण सोडणारा धातू, अन त्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही (आमच्या बियाणं कंपन्यांनी हे वाचावं). बेकरेलनं रेडियमची नळी कोटाच्या खिशात ठेवून फिरवली तं खिशाखालची कातडी भाजली, पियरनं मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून पाहिलं, जखम झाली, अन तिथूनच डॉक्टरांच्या डोक्यात आलं की चांगली कातडी जळते तं गाठही जळेल. म्हणजे तुमचा-आमचा शेक त्या भाजण्यातूनच निघालेला आहे.

मग बाजार लागला मागं. अमेरिकेत रेडियम घातलेलं पाणी टॉनिक म्हणून बाटलीत विकलं, एबेन बायर्स नावाचा श्रीमंत माणूस ते रोज पिऊन पिऊन जबड्याचं हाड झडून १९३२ साली मेला. घड्याळाच्या काट्यांना चमकणारा रंग लावणाऱ्या पोरी ब्रशचं टोक ओठानं बारीक करायच्या, कारखान्यातच तसं शिकवलं होतं, त्यांचीही हाडं सडली, कोर्टात भांडल्या तेव्हा १९२८ मध्ये कुठं पैसे मिळाले. खुद्द मारी क्यूरी १९३४ मध्ये रक्ताच्या आजारानं गेली अन तिच्या वह्या आजही शिशाच्या पेटीत ठेवाव्या लागतात.

पण भ्यायचं कुठं ते आम्हाला कळत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात प्रयोगशाळेतून लिलावात निघालेलं जुनं मशीन फोडलं, आतलं कोबाल्ट-६० हातात घेतलं, एक कामगार दगावला, बाकीचे दवाखान्यात. आमच्याकडचा भंगारवाला काहीही तोडतो, पिवळ्यावर काळी तीन पाती असलेलं चिन्ह दाखवलं तं म्हणेल पंख्याच्या कंपनीचा मार्का आहे. तिथं कोणाला भीती नाही. गरोदर बाई न सांगता एक्स-रेला उभी राहते, तिथंही नाही. भीती फक्त बिचाऱ्या पेशंटच्या गिलासाची.

अन दुकानात काय विकतो मी? टीएएमएस-३८ सोयाबीन, भाभा अणुसंशोधन केंद्र अन अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं वाण, बियाण्यावर किरण सोडून त्यातून निवडत निवडत तयार केलेलं. टॅग-२४ भुईमुगाच्या मागंही तेच भाभा केंद्रवाले आहेत. ते शेंगदाणे आपण सगळे खाऊन बसलो, काही झालं नाही, होणारही नाही.

खरं नुकसान वेगळंच आहे. गावात वाळीत टाकल्यासारखं वागवतात, नागपुरात खोलीचं भाडं परवडत नाही, अन सोयाबीनची सोंगणी आली की माणूस शेक अर्ध्यात टाकून घरी येतो. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेकाचा खर्च बसतो, पण राहण्या-खाण्याचं काय? मधे खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, आधी घेतलेल्या शेकाचा फायदा कमी होतो, हे पेशंटला घाईगर्दीत कोणी नीट सांगत नाही.

तेव्हा विनंती अशी की सोंगणीच्या आधी तालुक्याच्या पानावर एक चौकट छापा, शेक घेतलेल्या माणसाजवळ बसायला, त्याच्या ताटात जेवायला हरकत नाही हे मोठ्या अक्षरात, आयोडीनवाल्यांचं वेगळं, धामणगावहून रेल्वेनं जाणाऱ्या पेशंटला अन सोबतच्याला तिकिटात सवलत मिळते ते, अन नागपुरात कॅन्सर दवाखान्यांजवळ कमी पैशात कुठं राहता येतं त्याचे पत्ते. कात्रण मी दुकानात युरियाच्या भावफलकाच्या बाजूला लावतो, तिथं सगळ्यांची नजर जातेच.

आपला वाचक,
एक कृषी केंद्र चालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ